आईच्या १४ साड्या आणि 'ही तर गोधडीच की'

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई जाऊन दीड वर्ष झालं, तिच्या १४ साड्या कपाटात आहेत, त्यातून आईबद्दल आणि स्वतःबद्दल काहीतरी टेक्स्टाइल आर्ट करायचंय, आर्ट स्कूलचं शिक्षण नाही, मशीन बऱ्यापैकी येतं, आणि घरचे म्हणतायत की ही तर गोधडीच की, यात आर्ट काय आलं. फरक काय, सुरुवात कुठून करू आणि कोणाचं काम बघू.

मी गेली २६ वर्षं कापड आणि सुईदोरा यातच आहे. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं सातारा-सांगलीकडच्या बचत गटातल्या बायकांबरोबर वाकळा शिवण्यात गेली (तिकडे गोधडी कमी म्हणतात, वाकळ जास्त), नंतर स्वतःचं काम भिंतीवर लावायला लागले. त्यामुळे 'गोधडीच की' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सरळ हो म्हणते. गोधडीच आहे. गाडगेबाबा ठिगळांची गोधडी अंगावर घेऊन फिरायचे आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, त्या शब्दाने कोणी लहान झालं नाही.

फरक विचारलाच आहे तर माझ्यापुरता सांगते. गोधडी पांघरायची असते म्हणून शिवणारी बाई ऊब, वजन, धुण्याला किती टिकेल हे बघते. भिंतीवरच्या कामात पांघरणाऱ्याच्या जागी बघणारा येतो, म्हणून मग कुठला भाग दिसू द्यायचा आणि कुठला झाकायचा हा विचार आधी येतो. बस. बाकी आर्ट की क्राफ्ट हा वाद कलाकारांपेक्षा संस्थांनी जास्त घातला. जर्मनीत बाउहाउस नावाच्या कला-डिझाइनच्या शाळेत १९२२ ला अ‍ॅनी अल्बर्स शिकायला गेली, तिथे बायकांना विणकामाकडेच वळवायचे, ती पण नाखुशीनेच मागावर बसली, आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने टेक्स्टाइल करणाऱ्या कलाकाराचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं ते तिचं. जिथे बायकांना बाजूला बसवलं तिथेच त्यांनी घर बांधलं असा तो सगळा प्रकार आहे, त्यावर मी जास्त वेळ घालवत नाही.

तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळची गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामाची आहे, ती नीट सांगते. अलाबामा नदीच्या वळणात गीज बेंड म्हणून वस्ती आहे, तीन बाजूंनी पाणी. पूर्वी तिथे कापसाचा मळा होता आणि गुलाम होते, आज राहणारी बहुतेक घरं त्यांच्याच वंशातली, आणि कित्येकांचं आडनाव पेटवे, कारण मळ्याच्या मालकाचं आडनाव पेटवे. १९६२ च्या सुमारास इथले लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅम्डेन गावी जायला लागले तर फेरीबोटच बंद केली, ती परत सुरू झाली थेट २००६ मध्ये. तर त्या वस्तीत १९४२ साली मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतातले कपडे, पँटी, शर्ट, सगळे फाडून पट्ट्या केल्या आणि गोधडी शिवली. मुलगी अर्लोन्झिया तेव्हा मदतीला होती, तिने पुढे सांगितलंय की आईचं म्हणणं होतं, यात त्याची आठवण राहील आणि त्याच्या मायेखाली झोपता येईल.

आता ती गोधडी फोटोत बघा. त्यावर नवऱ्याचं चित्र नाही, नाव नाही, बदाम नाही, फूल नाही. निळे, करडे, विटके पट्टे आहेत नुसते. त्या वस्तीतल्या अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांमध्ये खिसा उसवून काढला तिथला चौकोन गडद राहिलेला दिसतो आणि आजूबाजूचं कापड उन्हाने उडालेलं, गुडघ्यापाशी घासून पांढरं झालेलं. म्हणजे माणूस तिथेच आहे. वाकून कुठे काम केलं, हात कुठे घातला, सगळं कापडाने लिहून ठेवलंय, बाईने फक्त ते पुसलं नाही. या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्यांना अमेरिकेतल्या आधुनिक कलेतल्या सगळ्यात अद्भुत कामांमध्ये बसवलं, २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. पण मिसूरीबाईने ती थंडीत पांघरायलाच शिवली होती हे लक्षात ठेवा.

म्हणून माझं पहिलं सांगणं, कात्री लांब ठेवा. १४ साड्या एकेक करून जमिनीवर पूर्ण उलगडा, सहावारी म्हणजे साडेपाच मीटर, हॉलमध्ये मावत नसेल तर गच्चीवर, आणि नुसतं बघा. पदराच्या जरा खाली डाव्या खांद्याची जागा शोधा, तिथे सेफ्टी पिनची भोकं असतील, रोज नेसणारी बाई असेल तर भोकाभोवती कापड ओढलेलं पण दिसेल. खालचा काठ टाचेपाशी घासलेला असेल. निऱ्या खोचायची जागा चुरगळून मऊ झालेली असेल. पदराच्या टोकाला हळदीचा नाहीतर तेलाचा डाग, कारण हात तिथेच पुसले जातात, कितीही नॅपकिन ठेवा. माझ्या सासूबाईंच्या एका साडीवर पदराच्या टोकाला गाठ मारून मारून कापड असं पिळलं होतं की इस्त्रीनेही सरळ होईना, त्या तिथे पैसे बांधायच्या. हे सगळं वहीत उतरवा, साडीचं लांब आयत काढा आणि त्यात खुणा करा. हाच तुमच्या आईचा नकाशा. लोक नेमका हाच भाग 'खराब' म्हणून कापून टाकतात आणि मधलं कोरं करकरीत कापड वापरतात, मग ते काम दुकानातल्या कापडाचंही झालं असतं.

जुन्या बायकांना हे बरोबर कळायचं. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन चांगली टोकं एकमेकांना जोडायची, त्याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं म्हणजे गरिबी, ते लपवायचा प्रयत्न व्हायचा, दंड निऱ्यांत जाईल असं नेसायचं. तुमच्या कामात तोच दंड तुम्ही अगदी मधोमध समोर आणू शकता. हे सुचवतीये, करा असं म्हणत नाहीये.

आणि दुसरं, हे जरा कडक वाटेल पण बोलते. आयडेंटिटी (ओळख), रेझिलियन्स (पडून परत उभं राहणं) असले शब्द डोक्यात घेऊन बसलात की हात आपोआप एका ठरलेल्या चित्राकडे जातो. केस मोकळे सोडलेली बाई, पाठीला पंख, पायात तुटलेली साखळी, बाजूला एक झाड ज्याची मुळं खाली लांब गेलीयेत. मी स्वतः हे केलंय. माझ्या पहिल्या प्रदर्शनात एक सहा फुटी पॅनल होतं, बाई आणि पिंजरा, ४ महिने भरतकाम केलं होतं त्यावर. उद्घाटनाला गटातल्या २ बायका आल्या होत्या, ज्यांच्याकडून मी वाकळ शिकले, त्या त्या पॅनलपुढून सरळ पुढे गेल्या आणि कोपऱ्यात मी टेबलावर नुसतं अंथरलेलं एक जुनं दुपटं होतं तिथे थांबल्या, एकीने त्याच्यावरून हात फिरवून 'हे कुणाच्या लुगड्याचं' म्हणून विचारलं. पॅनल आज माळ्यावर आहे.

म्हणजे चित्र काढूच नका असं नाही. चित्र काढून ज्यांनी जीव धोक्यात घातला त्या बायका चिलीच्या. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली, पिनोशे हा हुकूमशहा आला, माणसं घरातून उचलली जायला लागली आणि परत यायचीच बंद झाली. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा. त्या बायका तुरुंगाच्या, पोलीस चौक्यांच्या, शवागाराच्या दारात रोज त्याच त्याच भेटायच्या. सांतियागोमध्ये चर्चच्या आसऱ्याने त्यांची शिवणकामाची वर्कशॉप सुरू झाली, १९७६ पासून चर्चची विकारिया नावाची संस्था त्यांचं काम विकत घ्यायची आणि देशाबाहेर पोचवायची. गोणपाटाचा किंवा पिठाच्या पोत्याचा तुकडा, त्यावर चिंध्यांची चित्रं. गोणपाटाला तिकडे आर्पिएरा म्हणतात, म्हणून या कामाचंही नाव आर्पिएरा. मागे आँडीज पर्वत, वर मोठ्ठा सूर्य, खाली घरं, आणि घरांच्या मधे पोलिसांची गाडी, नाहीतर बायकांची रांग, हातात 'ते कुठे आहेत' लिहिलेली पाटी, नाहीतर सगळ्या गल्लीचं मिळून एकच पातेलं चुलीवर चढवलेलं. छोट्या बाहुल्या कापडावर उठून दिसतील अशा शिवलेल्या. काही बायकांनी त्यात हरवलेल्या माणसाचाच शर्ट वापरला. मागच्या बाजूला कधी एक खिसा असायचा आणि त्यात चिठ्ठी.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बराच काळ कोणाला संशयच आला नाही. बायका काय शिवतायत, रंगीत बाहुल्या शिवतायत. आपल्याकडे 'बायकांचं काम' म्हणून ज्याला हसतात त्याच्याच आडून ते काम बाहेर गेलं. पुढे सरकारी पेपरांनी त्यांना देशद्रोही वगैरे म्हटलं, पण तोपर्यंत ती कापडं युरोप-अमेरिकेत घराघरात लागली होती. आणि बघा, इतक्या भयंकर गोष्टीवर सूर्य पिवळाधम्मक आहे. रडकं काहीच नाही. चिलीत ही पद्धत त्याआधीही होती बरं का, व्हिओलेता पार्राने केलेल्या आर्पिएरा १९६४ मध्ये पॅरिसला लूव्रच्या इमारतीतल्या डेकोरेटिव्ह आर्ट्स म्युझियमने लावल्या होत्या, पण ती गायिका म्हणून जास्त माहीत असते लोकांना.

आपल्या देशात याला जवळचं काम म्हणजे बिहारची सुजनी. मुझफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा गाव आहे, तिथे जुन्या साड्यांचे थर करून बाळासाठी पांघरूण शिवायची रीत होतीच, १९८८ पासून तिथल्या बायकांनी त्यावर हुंडा, मुलीचा गर्भ पाडणं, दारू, मतदान असले विषय धावदोऱ्यात भरायला घेतले. तिथल्या निर्मला देवींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम जवळून बघितलंत तर कळेल की मागची जमीनसुद्धा बारीक टाक्यांनी भरलेली असते, रिकामं काही सोडत नाहीत.

स्वतःच्या ओळखीबद्दल विचारलंय तर कच्छची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ढेबरिया रबारी समाजात मुलीने सासरी जाताना स्वतःच्या हाताने भरलेले कपडे, गोधड्या, पिशव्या न्यायची पद्धत. मागणी वाढत वाढत इतकी झाली की भरतकाम पुरं होईस्तोवर मुली तिशीच्या पुढे जायच्या, सासरी जाताच यायचं नाही. मग १९९५ मध्ये समाजाच्या पंचांनी ठरवलं की भरतकाम बंद, स्वतःच्या वापरासाठी करायचंच नाही. म्हणजे ज्या गोष्टीवरून रबारी बाई लांबून ओळखू यायची तीच गेली. बाहेरच्या कलाप्रेमींना हळहळ वाटली, पण बायकांनी काय केलं, बाजारात मिळणाऱ्या तयार रिबिनी, लेस, झिग-झॅग पट्ट्या आणल्या आणि मशीनवर लावून नवीनच प्रकार काढला, हरी जरी म्हणतात त्याला. नियमाप्रमाणे हे भरतकाम नव्हेच. पाबीबेन रबारींच्या पिशव्या आज जगभर जातात त्या याच हरी जरीच्या.

तुम्ही लिहिलंय की 'मशीन वापरलं तर ते खरं वाटेल का', त्याचं उत्तर यात आहे. हात हेच खरं आणि मशीन खोटं हा शहरी लोकांचा रोग आहे. तुमची आई जर मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवत असेल तर मशीनचा टाकाच खरा.

आणि याच ओघात अजून एक. १४ साड्यांपैकी निम्म्या सिंथेटिक असणार, माझी पैज. नायलॉन, जॉर्जेट, ऐंशीच्या दशकातल्या त्या मोठ्या फुलांच्या प्रिंटच्या. सगळ्या मुली काय करतात, पैठणी, इरकल, नारायणपेठ बाजूला काढतात आणि सिंथेटिक भांडीवालीला. अहो पण आई पैठणी वर्षातून किती वेळा नेसली असेल? सकाळची ८:१२ ची लोकल पकडायला जी साडी ५ मिनिटांत नेसून होते, जिला इस्त्री लागत नाही, स्टार्च लागत नाही, रात्री धुतली की सकाळी वाळते, ती साडी म्हणजे त्या पिढीच्या नोकरीवाल्या बाईचं आयुष्य होतं. ओळख म्हणून फक्त काठपदर दाखवलं तर ते लग्नाच्या अल्बमसारखं होतं. सिंथेटिक घ्याच. फक्त इस्त्री जपून, गरम लागली तर आक्रसून चिकटून बसेल, आणि थरांमध्ये घसरतं म्हणून टाचण्या दुप्पट.

आता कापडाचं तंत्र, भराभर सांगते पण हे चुकवू नका. धुवायच्या आधी प्रत्येक रंगाची परीक्षा करायची. कापसाचा पांढरा बोळा ओला करून काठावर, पदरावर, अंगावर ५ मिनिटं दाबून ठेवायचा, बोळ्याला रंग लागला तर ती साडी बाकीच्यांबरोबर कधीच ओली करायची नाही. मी हे न करता एकदा लाल इरकल आणि पांढरं धोतर एकत्र शिवून मग धुतलं होतं, आणि ६ आठवड्यांचं काम गुलाबी झालं. वास धुवायचा की नाही हे तुम्ही ठरवा, मी एखादी तरी न धुता ठेवते. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर चिरलेलं असतं, बोट लावलं की उभी भेग जाते, त्याला सरळ टाका घालायचा नाही, खाली मलमलचा आधार आणि वरून अगदी बारीक नेट, आणि टाके नेट-मलमलला, रेशीम मधे नुसतं निजलेलं. जरीला डांबराच्या गोळ्या लावून ठेवल्या असतील तर आजच काढा, त्याने जरी काळी पडते.

आकार पहिल्यांदा ३ फूट बाय ४ फुटाच्या वर नको. हिशोब करून दाखवते, म्हणजे घाबराल ते आधीच घाबराल. अर्ध्या इंचावर एक ओळ धरली तर ४८ इंचात ९६ ओळी, प्रत्येक ३६ इंच, इंचाला ४ टाके, झाले साधारण १४ हजार टाके. हात बसलेला नसताना मिनिटाला ८-१० पडतात, म्हणजे नुसते टाकेच २३-२९ तास, कापणं जोडणं उसवणं वेगळं. (उसवणं खूप असतं. मी पहिल्या महिन्याचं अर्धं काम हमखास उसवते.) तीन थरांच्या वर जाऊ नका, सुई लांब आणि बारीक घ्या, दाभण लागत नाही, दोरा मेणावरून ओढून घ्या म्हणजे गुंता कमी. आणि टाके कडेकडून सुरू करून आत मध्याकडे जायचं, आपल्या बायका पण असंच करतात, आतलं कापड सरकत सरकत मध्याला फुगतं ते मधेच जिरवता येतं.

कडेवरून आठवलं. कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज, त्यातले बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून घाट चढून पळालेले, बोली कोकणी वळणाची. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात, तीही कडेकडून आत जाते आणि सगळं झाल्यावर चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलं नसली तर ती कवंदी उघडी वाटते, नागडी, असं त्या म्हणतात. ऊब त्या फुलांनी एक कणभर वाढत नाही. माझ्या ओळखीच्या माण तालुक्यातल्या एका आजी शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा इवलासा तुकडा घालायच्या, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. कोणी बघणार नसतं ते. मला विचाराल तर कलेचा भाग तिथे सुरू होतो, पण हे माझं मत.

कोणाचं काम बघू म्हणालात. मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, १९४९, शिक्षण बडोद्याला. तागाच्या जातीच्या जाड दोरांना नुसत्या हाताने गाठी मारत माणसापेक्षा उंच मूर्ती केल्या, माग नाही, आधी स्केच नाही, गाठीवरून गाठ सुचत जायची, एकेका कामाला वर्षवर्ष. नावं यक्षी, वनश्री अशी. २०१५ मध्ये दिल्लीला त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. फोटोत ते काम अर्धंही कळत नाही, कधी प्रत्यक्ष संधी मिळाली तर मागून बघा, मागच्या बाजूला वजन कसं तोललंय ते. मुंबईच्याच मोनिका कोरिया, त्यांनी मागाची फणीच काढून टाकली, म्हणजे उभे धागे धरून ठेवणारं कोणी उरलं नाही आणि ते हवे तसे झुकायला, वाहायला लागले. एकच गोष्ट काढली आणि सगळं बदललं, हे शिकण्यासारखं आहे.

प्रिया रवीश मेहरा तुम्हाला जास्त जवळच्या वाटतील. उत्तर प्रदेशात नजीबाबादला रफूगर आहेत, जुन्या शाली अशा दुरुस्त करतात की कुठे फाटलं होतं ते सांगता येऊ नये, चांगल्या रफूगराचं काम दिसतच नाही आणि म्हणून त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. मेहरांनी आयुष्यभर त्यांचं काम लोकांसमोर आणलं, आणि कॅन्सर झाल्यावर स्वतःच्या कामात कापडाचे तुकडे झाडाच्या सालीच्या कागदी लगद्यात बसवून जोड मुद्दाम दिसता ठेवला. २०१८ मध्ये त्या वारल्या. दुखणं आलं म्हणून त्यांनी दुखण्याचं चित्र काढलं नाही, जोडण्याची पद्धत बदलली.

आणि फेथ रिंगगोल्ड, न्यूयॉर्कच्या हार्लेमची. ती मूळची कॅनव्हासवर रंगवणारी, १९७२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तिबेटी थांका (कापडावरची गुंडाळता येणारी धार्मिक चित्रं) बघितले आणि लाकडी चौकटी सोडून कापडाकडे वळली, कापड गुंडाळलं की कोणाच्या मदतीशिवाय कुठेही नेता येतं हा तिचा अगदी व्यवहारी हिशोब होता. पहिली गोधडी १९८० मध्ये आईबरोबर केली, आई फॅशन डिझायनर होती, पुढच्याच वर्षी आई गेली. तिने गोधडीच्या कडेने अख्ख्या गोष्टी लिहिल्या. तुम्हाला लिहायची सवय असेल तर हा रस्ता आहे, पण दोन ओळींच्या वर अक्षरं भरायला घेतलीत तर आधी कागदावर लिहून आठवडाभर ठेवा, भरलेलं खोडता येत नाही, उसवलं तरी भोकं राहतात.

मदतीला बायका घेऊ का, असंही विचारलंय. घ्या, पण आधी ठरवा. हे क्षेत्र याच ठिकाणी सगळ्यात जास्त अडखळतं. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसमध्ये दिओर या फॅशन कंपनीच्या शोसाठी जुडी शिकागो या अमेरिकन कलाकार बाईचे मोठमोठे झेंडे लागले होते, बायकांनी जग चालवलं तर काय होईल असे प्रश्न त्यावर, आणि ते भरले होते मुंबईत चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये शिकणाऱ्या बायकांनी. काम अप्रतिम होतं. पण फोटोखाली नाव कोणाचं लक्षात राहतं ते तुम्हीच बघा. गीज बेंडच्या गोधड्या गाजल्यावरसुद्धा २००७ मध्ये तिथल्या काही बायकांनी पैसे आणि हक्कांवरून दावे लावले होते, पुढच्या वर्षी तडजोड झाली. तुमचं काम लहान आहे, तुम्ही एवढं करू शकता की तासाचा दर आधी बोलून घ्या, नगावर देऊ नका कारण मग हात घाई करतो, आणि मागच्या बाजूला प्रत्येकीचं नाव तिच्याच हाताने भरून घ्या. मी हे सुरू केलं तेव्हा एका ताईंना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांनी सुईचं चित्र भरलं. चाललं.

लावायचं कसं ते सांगून थांबते. मागे वरच्या कडेला ३ इंचाचा नेफा शिवा, परकराला असतो तसाच, पण टाके फक्त मागच्या थरात, समोर यायला नकोत. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घाला, लाकूड वापरलंत तर मलमल गुंडाळून, कच्चं लाकूड कापडाला तांबूस डाग पाडतं. समोर काच नको शक्यतो, आणि उन्हाची भिंत तर नकोच. कोणीही 'आम्ही प्लायवर व्यवस्थित चिकटवून देतो' म्हणालं तर काम उचलून घरी या, माझं एक काम एका गॅलरीने असंच गोंद लावून बसवलं, वर्षभरात गोंद पुढे उमटला आणि ते परत सुटलं नाही.

तुम्ही फोटोत टाकलेली ती जांभळी इरकल, तिचा पदर लाल दिसतोय. ती इतरांच्या घडीत ठेवली असेल तर पावसाळ्याच्या आत वेगळी काढा, आणि कापसाचा बोळा पहिल्यांदा तिलाच लावून बघा. बोळ्याचा फोटो टाका, मग पुढचं बोलू.